पट्टीवरची वरची ओळ

शनिवारी सकाळी दहा चाळीसला तेत्सुरो मियाझोनो दोन मुलींना घेऊन ओस्टस्ट्रासे स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आला. खिशात बायकोने लिहून दिलेली चिठ्ठी होती. तिच्यातली निम्मी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती.

यात नवल काही नव्हतं. तेत्सुरो चार वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर ड्युसेलडॉर्फला आला आणि जर्मन शाळेत शिकला. आता तो चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होता. जपानी बोलायचा झरझर, पण वाचायला बसला की तिसरीच्या पुढे गाडी जात नसे. थोरली शिओरी दहा वर्षांची, जपानी शाळेत जाणारी. तिने चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि रस्त्यातच वाचून दाखवली. आठ घरांची नावं होती. खाली एक ओळ होती: चहा, साखर, साबण, असं काहीतरी. वापरून संपेल असं.

ऑक्टोबरात त्याच्या बायकोच्या, साचिएच्या, छातीतली गाठ काढली तेव्हा ही आठ घरं भेटायला आली होती. कोणी फळं आणली, कोणी डबा, कोणी पाकीट. आजारी माणूस बरं झालं की ज्याने त्याने जे आणलं त्याची परतफेड म्हणून एक भेट द्यायची, हा रिवाज. भेट संपून जाणारी हवी. वस्तू घरात उरली तर आजारही उरतो, असं म्हणतात.

अडचण एकच होती. साचिए बरी झाली की नाही, हे कोणाला माहीत नव्हतं. काढलेल्या गाठीचा अहवाल मंगळवारी यायचा होता. मुलींना एवढंच सांगितलं होतं की डॉक्टरांनी वाईट होतं ते काढून टाकलं, झालं. मग परतभेटीची घाई आजच का? सकाळी तेत्सुरोने विचारलं तेव्हा साचिए म्हणाली, रविवारी दुकानं बंद असतात. उत्तर खरं होतं. पण त्याच्या प्रश्नाचं नव्हतं.

इमरमानस्ट्रासेवर, जपानी दुकानांच्या त्या रस्त्यावर, शनिवारी असते तेवढी गर्दी होती. नूडल्सच्या दुकानापुढे अकरा वाजायच्या आतच रांग लागली होती आणि रांगेत जर्मनच जास्त होते. धाकटी कोतोहा सहा वर्षांची. बेकरीसमोर तिने पाय रोवले. खरबुजासारख्या रेघा असलेला गोड पाव मिळाल्याशिवाय ती पुढे येईना, आणि मिळाल्यावर त्याची वरची साल तेवढी खाऊन आतला पाव तिने बापाच्या हातात ठेवला. तो खात खात तेत्सुरो दोघींच्या मागून भांड्यांच्या दुकानात शिरला. कोतोहाने चॉपस्टिक टेकवायची चिनीमातीची मांजरं पसंत केली. आठ घरांना आठ मांजरं. तेत्सुरोला कल्पना बरी वाटली. त्याने टोपलीत सहा टाकलीही होती.

"बाबा, मांजर संपतं का?" शिओरीने विचारलं.

तो थांबला. मांजरं एकेक करून परत मांडावी लागली. कोतोहा म्हणाली, पडून फुटलं तर संपतं. शिओरी म्हणाली, मग आधी फोडून दे.

किराणा मालाच्या मोठ्या दुकानातही तेच. चहा होता, पण भेट द्यावी असा नव्हता. साबण होता, तर त्यावर जर्मन लेबल चिकटवलेलं. मुली मात्र रमल्या होत्या. एक गोठवलेल्या माशांच्या कपाटाला नाक लावून उभी, दुसरी गोळ्यांच्या फळीपाशी मोठ्याने नावं वाचणारी. तेत्सुरो मधल्या वाटेत साखरेचा पुडा हातात घेऊन उभा राहिला. साखर संपते. पण भेटीच्या लाल-पांढऱ्या कागदात कोण बांधून देणार? तिथल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही फक्त पिशवी देतो.

साडेबाराला तिघं भाताचे त्रिकोणी गोळे घेऊन बाकावर बसली. कोतोहाने समुद्री शेवाळाचा कागद उलटा उघडला आणि भात मांडीवर सांडला. तो वेचता वेचता शिओरी सहज म्हणाली की काल हॉस्पिटलचा फोन आला होता.

तेत्सुरोच्या हातातला घास हातातच राहिला. किती वाजता, कोण होतं, आई काय म्हणाली, असे तीन प्रश्न त्याने एका दमात विचारले. शिओरी शाळेतून आली तेव्हा, म्हणजे सव्वाचारच्या सुमारास. आई स्वयंपाकघरात होती. हो, हो, समजलं, धन्यवाद, एवढंच जर्मनमधून.

"चेहरा कसा होता तिचा?"

"तिकडे तोंड करून होती. आई फोनवर जर्मन बोलते तेव्हा सारखी वाकून नमस्कार करते ना, तशी करत होती. मला पाठच दिसली."

"आणि मग?"

"मग तिने गोड अंड्याचा पोळा केला. वाढदिवस नव्हता कुणाचा, तरी."

पोळ्यावरून काही ठरत नव्हतं. आनंदाने केला असेल, किंवा हातांना काम हवं म्हणून. तेत्सुरोने दोन्ही बाजू ताणून पाहिल्या. अहवाल चांगला आला असेल तर आज भेटी पाठवणं बरोबर होतं. वाईट आला असेल, तरी साचिएचा स्वभाव पाहता ती म्हणेल, अंगात बळ आहे तोवर सगळ्यांची उतराई होऊ दे. तिसरंही एक कारण होतं. यादीतलं पहिलं घर ओत्सुबोंचं. त्यांची बदली झाली होती आणि रविवारी दुपारी ते जपानला निघत होते. म्हणजे कदाचित फोनचा भेटींशी काहीच संबंध नव्हता. पण मग फोन आल्याचं तिने त्याला रात्रभर सांगितलं का नाही?

हामागुची-सानचं दुकान मागच्या गल्लीत होतं. चहा, मिठाई, पूजेच्या उदबत्त्या आणि भेटी बांधून द्यायचं एक टेबल. साठी ओलांडलेल्या हामागुची-सान तेत्सुरोला तो शाळकरी असल्यापासून ओळखत होत्या. त्यांनी आधी मुलींना एकेक वडी दिली, मग चिठ्ठी वाचली आणि आठ डबे हिरव्या चहाचे काढून ठेवले. पाचच मिनिटांत काम मार्गी लागलंसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, गाठ कुठली?

प्रत्येक भेटीवर कागदाची पट्टी येते आणि तिच्यावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची गाठ छापलेली असते. त्यांनी दोन नमुने पुढे केले. कोतोहाने लगेच फुलपाखरासारख्या फाशावर बोट ठेवलं. तेत्सुरोनेही तेच म्हटलं. जर्मनीत भेट म्हटली की फुलपाखरूच बांधतात. चाळीस वर्षं तो तेच बघत आला होता.

हामागुची-साननी पट्ट्या नुसत्या सरळ केल्या, पुन्हा सरळ केल्या. एवढ्यावरून शिओरीला काहीतरी चुकल्याचं कळलं. बापाला कळलं नाही.

"हा फास सुटतो आणि परत बांधता येतो," हामागुची-सान म्हणाल्या. "बाळ झालं तर हाच. पुन्हा पुन्हा होवो म्हणून. आजारपणाला मात्र..." आणि त्यांनी दुसरी पट्टी एक बोटभर पुढे सरकवली. तिची गाठ आवळलेली, टोकं वर गेलेली, न सुटणारी.

तेत्सुरोचे कान तापले. बायकोच्या आजाराला तो पुन्हा ये म्हणून निमंत्रण धाडायला निघाला होता, तेही आठ घरांतून. त्याने घाईघाईने दुसरी गाठ घेतली आणि दोनदा क्षमा मागितली. आपण हामागुची-सानची मागतोय की आणखी कुणाची, हे त्याला नीट ठरवता आलं नाही.

"आणि वर काय लिहू?" त्यांनी ब्रश उचलला. खालच्या ओळीत घराचं नाव, ते सोपं. वरच्या ओळीत भेटीचं कारण लिहायचं. आजार संपला असेल तर 'बरं झाल्याप्रीत्यर्थ'. अजून संपला नसेल तर 'भेटीस आल्याबद्दल आभार'. ओकुसान, म्हणजे तुमच्या मिसेस, आता अगदी बऱ्या ना, असं त्यांनी हळूच विचारलं.

"बरी झाली आमची आई," कोतोहाने सांगितलं.

शिओरी बापाकडे बघत होती. चटकन हो म्हणायला हवं होतं आणि तो चटकन म्हणाला नव्हता, हे तिने टिपलं होतं.

तेत्सुरो दाराबाहेर गेला आणि घरी फोन लावला. वाजत राहिला. दुपारी साचिए झोपते, हे त्याला ठाऊक होतं. तरी दुसऱ्यांदा लावला. मग त्याने लिहिलं: पट्टीवर वर काय लिहायचं? चार मिनिटांनी उत्तर आलं. सोया सॉस पण आण, छोटी बाटली.

तो उत्तराकडे बघत राहिला. ती जागी होती तर. प्रश्न वाचला होता की नाही? आणि छोटी का? त्यांच्या घरी कायम लिटरची बाटली येत असे. त्याने पुन्हा विचारायला अंगठा ठेवला आणि उचलला. विचारून उत्तर आलं असतं तर ते मुलींच्या देखत, दुकानाच्या दारात उभं राहून वाचावं लागलं असतं.

काचेआडून दोघी दिसत होत्या. कोतोहा गल्ल्यापाशी वडीचा कागद चाटत होती. शिओरी टेबलाजवळ ताठ उभी होती, कोणी पुढे येऊन ब्रशला हात लावेल म्हणून राखण करत असल्यासारखी.

आत येऊन तो म्हणाला, "वरची ओळ कोरी ठेवा."

हामागुची-सान म्हणाल्या की असं कोणी नेत नाही. मग त्यांनी आठ पट्ट्यांवर खाली 'मियाझोनो' लिहिलं, शाई वाळू दिली, डबे बांधले. निघताना म्हणाल्या, घरी ब्रशपेन असेलच. होतं.

परतीच्या ट्राममध्ये नदीवरच्या पुलावर शिओरीने विचारलं, "कोरं का?"

"आईचं अक्षर चांगलं आहे म्हणून."

"हामागुची काकूंचं जास्त चांगलं आहे," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

घरी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. साचिए उठली होती. मुली आतल्या खोलीत गेल्यावर तिने पिशवीतले डबे बाहेर काढून टेबलावर ओळीने लावले, पट्ट्या पाहिल्या आणि विचारलं, वर काय लिहून घेतलंस.

"काही नाही."

"बरं केलंस."

तेत्सुरोला यातून काही कळेना. त्याने आवाज खाली आणून विचारलं की काल हॉस्पिटलचा फोन आला होता का.

"आला होता. मंगळवारी दोघांनी या म्हणाले."

"दोघांनी? का म्हणून?"

"ते मी तुला विचारणार होते. तुझा जन्म गेला या भाषेत. दोघांनी या म्हणतात तेव्हा काय असतं?"

त्याने विचार केला. चांगली बातमी द्यायलाही बोलवत असतील. पुढच्या तपासण्या समजावून सांगायला. कागदांवर सह्या घ्यायला. कारखान्यात साहेब दोघांना एकदम बोलावतो तेव्हा कधी बढती असते, कधी दुसरं काही. फोनवरची बाई नक्की कुठल्या शब्दांत म्हणाली, असं त्याने विचारलं. साचिएने वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, उच्चारांसकट. त्याने तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. साधं वाक्य होतं. त्यातला एकेक शब्द त्याला येत होता.

"नाही सांगता येत," तो म्हणाला.

साचिएने खणातून ब्रशपेन काढलं. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ ओढून शाई येते का बघितलं. येत होती. मग टोपण लावून पेन डब्यांच्या शेजारी ठेवलं आणि तांदूळ धुवायला घेतले. जेवण झाल्यावर बघू, म्हणाली.

ओत्सुबो घरून रविवारी सकाळी साडेनऊला निघणार होते. त्यांचा डबा त्याआधी पोचवायला हवा होता. शनिवारी संध्याकाळी सात वाजता जेवणं उरकली होती, मुली आंघोळीला गेल्या होत्या आणि आठही पट्ट्यांची वरची ओळ कोरी होती.