मशीनच्या पेटीचं झाकण

मी माझ्या सख्ख्या भावाचं मनगट मोडलं. लोखंडी अँगलनं, भरदुपारी, आमच्याच घरात. दोन फटके खांद्यावर बसले, तिसरा त्यानं हातावर झेलला आणि हाड कडकन वाजलं. तरी माझा राग उतरला नव्हता. माझ्या बायकोनं, शीतलनं, मागून कमरेला मिठी मारली नसती तर चौथाही बसला असता.

कारण काय, तर पत्र्याच्या एका पेटीचं झाकण!

लाकडावर नक्षी कोरणारी मशीन मी दोन वर्षं खपून घरीच बनवली होती. पण जैनथकडच्या आमच्या घरात वेचणी सुरू झाली की माणसांपेक्षा कापूसच जास्त राहतो. त्याचे तंतू सर्किटवर बसायचे आणि मशीन मधेच आचके द्यायची. म्हणून पत्रा कापून, वाकवून मी सर्किटसाठी पेटी केली. वायरींच्या भोकांना रबर, झाकणाला चारी बाजूंनी फोमची पट्टी. मुंगी शिरणार नाही अशी. मग कळलं, आतली गरमीही बाहेर पडत नाही. म्हणून त्या दिवशी अर्धी राहिलेली नक्षी कोरायला मशीन चालूच ठेवून पंखा आणि जाळी आणायला आदिलाबादला गेलो होतो.

परत आलो तर झाकण जमिनीवर, पेटीत कापूस उडून बसलेला, जळका वास, आणि समोर देवानंददादा. मी विचारलंसुद्धा नाही. अँगल हाताशीच होता.

"लई तापली होती रे," दादा खाली बसून विव्हळला. "कापसाचा ढीग तापला का आपन उकरतोच ना? मनलं, जरा वारा लागू द्यावा."

मी अँगल टाकून दिला. असल्या भोळ्या माणसाला मी जनावरासारखं मारलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "ये कैसे हुआ?" मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला, "मशीन में हाथ गया."

त्यानं मला वाचवलं. पण आमचे वडील, बापूजी, दारातच उभे राहून ऐकत होते. घरी आल्या आल्या त्यांनी घण उचलला.

"माह्या पोराचा हात खाल्ला इनं. आता घरात ठेवत नाई मी!"

"बापूजी, चूक माही हाय," दादा गयावया करत होता. "राहू द्या ना तिले."

'मीच मारलं' एवढं म्हटलं असतं तर मशीन वाचली असती. शब्द जिभेवर आले, पण बापूजींचं तोंड पाहिलं आणि मी ते गिळले. इतका भित्रा मी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या घावात पेटी चेपली. दुसऱ्यात मोटर तुटली. मग बापूजींना दम लागला. त्यांनी घण माझ्या हातात दिला.

"तुही हाय ना? तूच मोड."

मी घाव घालत सुटलो. प्लास्टरचा हात छातीशी धरून दादा "बस कर रे, बस कर" म्हणत रडत होता. मी थांबलो नाही.