मास्तरांचा पाय उशिरा पडला

गल्लीतून एक सायकलवाला अचानक गाडीपुढे आला आणि ब्रेक दाबला तो शिंपीणताईंनी. गाडी शिकण्याचा त्यांचा तो अवघा सहावा दिवस. शेजारी बसलेल्या, गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, पण त्यांचा पाय पडेपर्यंत गाडी थांबलीही होती.

"मास्तर, रोज तुमचा पाय आधी पडतो. आज काय झालं?"

"तुमचा हात बसायला लागलाय, ताई," मास्तर हसत म्हणाले. पण डोक्यात किडा वळवळू लागला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी हे मुलीला सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"बाबा, काल अंगावर पित्त उठलं म्हणून गोळी घेतली होती ना?"

"घेतली. पण ती रात्री. आणि सकाळी झोप कुठे येत होती? चांगला टवटवीत होतो."

मुलीने फूटपट्टी आणली. ती वरून सोडणार, बाबांनी दोन बोटांत पकडायची; उशीर झाला की आकडा मोठा. गोळी न घेतलेले दोन दिवस पट्टी पंधरा सेंटीमीटरच्या आसपास हाती लागली. पुन्हा पित्त उठलं, रात्री गोळी घेतली, तर सकाळी थेट तेवीसवर. मास्तरांनी दहादा करून पाहिलं. आकडा काही हलेना.

"म्हणजे मला कळतही नाही आणि हात मागे राहतो?" त्यांना भीतीपेक्षा नवल जास्त वाटत होतं.

औषधवाल्याने स्ट्रिप पाहून मान डोलावली. "या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशीही राहतो, मास्तर. जांभया आल्या नाहीत म्हणून तो नसतो असं नाही. डॉक्टरांना दुसरी विचारा."

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. ती अंगाला कशी मानवते ते कळेपर्यंत मास्तर गाडीत बसले नाहीत. वर्गात रस्त्यावरच्या खुणा शिकवत राहिले. शिंपीणताईंना त्यांनी खरं कारणही सांगून टाकलं.

ताईंनी हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, मी चक्कर येते म्हणून रोज सकाळी एक गोळी घेते. शिकवणीच्या फॉर्मवर लिहिली नव्हती."

"कुठली?"

"नाव नाही आठवत. पिवळी आहे."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "चला, औषधवाल्याकडे जाऊ. चालतच."