खोकणारी करवत

गुणाजीनं तिसऱ्या करवतीच्या टाकीला कान लावला आणि डोळे मिटले.

कल्याणच्या छावणीत महायुद्धानंतर उरलेलं लष्करी सामान अजून विकायला होतं. त्यातच या तीन मोटार-करवती निघाल्या होत्या. म्हशीच्या डोक्याएवढं इंजीन, त्यातून पुढं आलेलं पुरुषभर लांब पातं, पात्याभोवती दातांची साखळी आणि पलीकडच्या टोकाला दुसऱ्या माणसासाठी मूठ. पहिलीचा रंगही उडाला नव्हता. दुसरी एका ओढीत सुरू झाली. तिसरी दोनदा खोकली, श्वास अडकल्यासारखी थांबली आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात चालू लागली.

"हीच घ्या," गुणाजी म्हणाला.

"अरे, हिला दमा आहे," ठाण्याच्या वखारीचे मालक अण्णा म्हणाले.

"माहीत आहे."

अण्णांनी तीच घेतली. लाकडातलं गुणाजीला कळतं असं ते वर्षानुवर्षं धरून चालले होते, आणि लोखंड म्हणजे त्यांच्या लेखी जरा कडक लाकूडच होतं.

वखारीत गुणाजीनं अकरा वर्षं दामाजीबरोबर ओंडके चिरले होते. ओंडका खड्ड्यावर आडवा. गुणाजी वर, दामाजी खाली, मधे करवत. खरं तर दर महिन्याला जागा बदलायची असं दोघांत ठरलेलं. पण "चिरायची रेघ मलाच दिसते," असं गुणाजी पहिल्या महिन्यात म्हणाला, आणि पुढं कुणी विषय काढला नाही. रेघ वर, भुसा खाली. दामाजी भुसा खात गेला, खोकत गेला, आणि गेल्या दिवाळीत त्यानं खोकणं थांबवलं ते कायमचंच. त्यानंतर खड्ड्यात चार माणसं उतरली आणि चारही निघून गेली. एक जण करवत म्हशीची धार काढल्यागत ओढायचा. एकाला चौथ्या दिवशी खड्ड्यात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी खोकताना ऐकू आलं. शेवटी अण्णांनी मशीन घ्यायचं काढलं. चेंदणीच्या कोळ्यांना होडीच्या फळ्या हव्या होत्या. शनिवारपर्यंत त्या सरळ निघाल्या नाहीत तर मशीन भंगारात, आणि गुणाजीनंही दुसरी वखार बघावी, असं ठरलं.

गुणाजीनं आधी साखळी उतरवली. तिचे दात झाड आडवं तोडायच्या बेताचे होते. लाकूड उभं चिरायचं तर ते सरळ घासावे लागतात. दोन दिवस तो कानस घेऊन एकेक दात घासत बसला. तिसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या मोटार-वर्कशॉपमधला उत्तम नावाचा पोरगा मशीन लावून द्यायला आला. त्यानं दोरी ओढली. मशीन दोनदा खोकलं, थांबलं, चालू झालं.

"हवा जास्त, पेट्रोल कमी," उत्तम म्हणाला. "स्क्रूचा अर्धा फेरा. बस."

गुणाजीनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अरे मामा, असं धापा टाकत चाललं तर फळ्या नाही, लाटा निघतील लाटा."

"निघू देत."

दामाजीची बायको शेवंती रोजच्यासारखी शेगडीसाठी भुसा न्यायला आली होती. उत्तमनं पुन्हा दोरी ओढली. मशीन खोकलं.

"टाक ती बिडी आधी," शेवंती पाटी भरता भरता म्हणाली.

वखारीत कुणाच्याच हातात बिडी नव्हती. शेवंतीनं हळूच वर पाहिलं.

"कधीपासनं?" तिनं गुणाजीला विचारलं.

"कल्याणपासनं."

तिनं मान हलवली, पाहुणा कुठल्या गाडीनं आला ते कळल्यासारखी. मग उत्तमकडे वळली.

"तुझ्या त्या हत्यारानं जाईल का रे खोकला?"

"आत्ता जाईल, मावशी."

"मग घालव."

"वैनी," गुणाजी म्हणाला, "खोकला गेला तर तोही जाईल."

"तुम्ही दिवसाचा ऐकलात, भावजी. रात्रीचा मी ऐकलाय. एकदा तरी नीट श्वास घेऊ द्या त्याला."

गुणाजीनं मनगट सोडलं. उत्तमनं अर्धा फेरा दिला. मशीन एका ओढीत सुरू झालं, एका सुरात, तरण्या माणसाच्या छातीसारखं.

"मामा, तुम्ही पलीकडची मूठ धरा," उत्तम ओरडला. "भुसा सगळा इंजिनाकडे उडतो. इकडं मी आहे."

गुणाजीच इंजिनाकडे जाऊन उभा राहिला, तेव्हा पलीकडची मूठ उत्तमला धरावी लागली.

"अरे, आणि रेघ?" अण्णांनी विचारलं.

"दोन्हीकडून दिसते." गुणाजीनं शेवंतीकडे पाहिलं नाही. "खालूनही दिसायची."

साग चिरत गेला. पहिली फळी उतरली तेव्हा अण्णांनी सूत लावून पाहिलं, डोळा लावून पाहिलं, मग उगाच हात फिरवून पाहिलं. फळी सरळ होती. उत्तमनं इकडं येऊन मशीन बंद केलं.

भुसा गुणाजीच्या मिशांत होता, पापण्यांवर होता. तो दोनदा खोकला, श्वास अडकल्यासारखा थांबला आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात त्यानं कानावरची बिडी काढली.

शेवंती त्याच्या पायाशी बसून नवा भुसा भरत होती. पाटी डोक्यावर घेऊन ती फाटकापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली.

"टाका ती बिडी आधी, भावजी."