लग्नाची कढई

मार्गिलान शहरातल्या एका अंगणात लग्नाचा पुलाव शिजत होता आणि नवरीच्या आईला, होजिराला, कढईजवळ फिरकायचीही बंदी होती. तीस वर्षं घरात रोज तिनेच रांधलं; पण लग्नाचा पुलाव म्हणे पुरुषांनीच करायचा!

तांदूळ टाकण्याआधी धाकट्या दिराने, युल्दाशने, मटण-गाजराचा रस्सा चाखला. "अरे, खारट!" म्हणत त्याने बादलीभर पाणी ओतलं.

"भावजी, थांबा! रस्सा खारटच हवा, तांदूळ मीठ ओढून घेतो!" होजिरा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

"वहिनी, बायकांनी लग्नाच्या कढईत नाक खुपसू नये."

बाकीचे पुरुष फिदीफिदी हसले. होजिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झाकण निघालं तेव्हा पुलावाचा पार गिचका झाला होता.

"तांदूळच भिकार," युल्दाश म्हणाला. तो तांदूळ होजिराने स्वतः पारखून आणला होता!

तेवढ्यात पाहुणे आले. युल्दाश धावत स्वयंपाकघरात शिरला. "वहिनी, अब्रू जाईल हो! बायकांनी केला म्हणून सांगू का?"

"खबरदार!" होजिरा कडाडली. "लग्नाचा पुलाव पुरुषांनीच करायचा असतो ना? मग उचला तो झारा आणि वाढा आपल्या हाताने!"