बायकांच्या वॉर्डातल्या चौदा जणी

राष्ट्राच्या सुवर्णमहोत्सवाला सहा आठवडे उरले असताना मनोरुग्णालयात पत्र आलं. विमानतळाकडून शहरात येणाऱ्या रस्त्याला लागूनच रुग्णालयाची भिंत होती आणि भिंतीआडून कधीमधी कोणीतरी ओरडायचं. पाहुण्यांच्या कानावर ते पडू नये म्हणून सगळ्या रुग्णांना तीनशे किलोमीटरवरच्या एका रिकाम्या छावणीत हलवायचं ठरलं होतं. पत्रात अर्थातच असं काही नव्हतं. पत्रात 'पुनर्रचना' असा शब्द होता.

मोठ्या सिस्टरनी पत्र उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि गोळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डात गेल्या. बायकांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख नर्स. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, दीड वर्ष उरलेलं. अंगाने काडी, आवाज हळू. पण एकदा त्यांनी 'बघते' म्हटलं की शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मनातल्या मनात कामाला लागायचे.

वॉर्डात चौदा जणी होत्या. त्यातल्या पाच जणी खरोखर आजारी. उरलेल्या नऊ जणी कधीच्या बऱ्या झाल्या होत्या. डॉक्टर दरवर्षी त्यांच्या फायलीत 'घरी पाठवण्यास योग्य' असं लिहीत आणि दरवर्षी त्या तिथेच राहत, कारण न्यायला कोणी येत नव्हतं. एक होती शिंपीण. बाळंतपणानंतर सहा महिने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते ठिकाणावर आल्याला आता अकरा वर्षं झाली होती. दुसरी शाळेत शिकवायची. ती रोज सकाळी सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि अपघाताच्या बातम्या हळूच गाळायची. अशा नऊ जणी. छावणीत गेल्या की त्या कायमच्या गेल्या, हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नव्हती.

सिस्टरनी साठलेली रजा काढली आणि फायलींतले नऊ पत्ते घेऊन निघाल्या. दोन घरं जमीनदोस्त झाली होती. एका नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता. त्याच्या नव्या बायकोने पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. शिंपिणीच्या भावाने दार वीतभर उघडलं, नाव ऐकलं आणि म्हणाला, "आमच्या लेखी ती गेली." सिस्टर म्हणाल्या, ती गेलेली नाही, तिने परवाच माझ्या कोटाचं अस्तर बदललं. त्याने दार लावून घेतलं. नऊपैकी एका ठिकाणी मात्र एक म्हातारी आई निघाली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की मुलगी कधी बरी होणार नाही. ती तशीच चपला घालून सिस्टरबरोबर आली आणि मुलीला घेऊन गेली. उरल्या आठ.

सिस्टरच्या घरी त्यांची नणंद असायची. दोघींचे नवरे गेलेले, त्यामुळे दोघी एकमेकींच्या राज्यात नांदत होत्या आणि रोज त्यावरून भांडत होत्या. नणंदेने पायाला शेक द्यायला गरम पाणी आणून ठेवलं.

"वहिनी, सरकार एवढं मोठं, त्याला जे जमलं नाही ते तू दोन पायांवर करणार?"

"सरकारला जमलं नाही असं कुठाय. त्याच्या डोक्यातच आलं नाही."

"आणि आपल्या चर्चच्या मंडळीच्या?"

नणंदेने हे सहज विचारलं, पण सिस्टरनी पाण्यातून पाय काढले आणि कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते विचारलं.

चर्चच्या मागे मंडळीचं अतिथिगृह होतं. खाली तीन खोल्या, वर पाच. महोत्सवाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेला मंत्री येणार होते, बाहेरून पाळक, म्हणजे इतर चर्चचे धर्मगुरू, आणि प्रतिनिधी येणार होते, त्यांच्यासाठी ते नुकतंच रंगवलं होतं. सिस्टर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या बैठकीत गेल्या आणि त्यांनी आठ बायकांसाठी जागा मागितली. पाहुण्यांपुरती नव्हे, राहायलाच.

कमिटीचे प्रमुख इंजिनियर होते. महोत्सवासाठी शहरात जो उंच मनोरा उभा राहत होता त्याच्या कामावर ते होते आणि अतिथिगृहही त्यांनीच पदरमोड करून बांधलेलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सिस्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, या देशात आपण मूठभर. आपली निष्ठा आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवावी लागते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा सरकार आपल्या दारी येतंय. त्या दिवशी अंगणात या बायका?"

"मी अठ्ठावीस वर्षं दर रविवारी देशासाठीची प्रार्थना ऐकते आहे," सिस्टर म्हणाल्या. "राज्यकर्ते, सैन्य, पाऊसपाणी, परीक्षा. सगळं हवंच, माझी ना नाही. पण माझा वॉर्ड त्यात एकदाही आला नाही. सरकार त्यांना पाहुण्यांपासून लपवतंय. आपणही तेच करायचं असेल, तर आपण प्रभूचे कोण?"

मंडळीचे स्वतःचे पाळक तरुण होते, नुकतेच आलेले. ते टेबलावरचा पेनाचा डाग बोटाने पुसत राहिले. शेवटी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. पुढची बैठक महोत्सवानंतर होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी डॉक्टरांकडून रविवारच्या चार तासांची परवानगी काढली, आठही जणींसाठी. शिंपीण म्हणाली, रुग्णालयाच्या हिरव्या झग्यात मी देवासमोर जाणार नाही. मग नणंदेने कुरकुर करत आपली ट्रंक उघडली, जपून ठेवलेली कापडं काढली, आणि 'हे निळं माझ्यासाठी ठेवलं होतं' असं तीनदा ऐकवून निळंही दिलं. शिंपीण पाच दिवस मशीनवरून उठली नाही.

रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी त्या आठ जणी येऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. चौथ्या रांगेतलं एक कुटुंब उठून मागे गेलं. बाकीच्यांनी मान वळवून पाहिलं आणि सगळे गीताच्या पुस्तकात तोंड घालून बसले. शिक्षिका गाणी म्हणताना अर्धा सूर वर होती, पण शब्द तिचे सगळ्यांत स्पष्ट होते.

देशासाठीच्या प्रार्थनेची वेळ आली. पाळकांनी कागद हातात घेतला. महोत्सवाची छापील प्रार्थना होती, वरून आलेली. दोन ओळी वाचून ते थांबले. तिसऱ्या रांगेकडे पाहत राहिले. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि अडखळत विचारलं, "तुमच्यासाठी काय मागू?"

असं कोणी तिथे कधी विचारलं नव्हतं. आठ जणी एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी शिंपीण उभी राहिली. तिने नव्या झग्याची नसलेली सुरकुती सारखी केली.

"दाराला आतून कडी असावी," ती म्हणाली. "आमच्याकडे बाहेरून असते. मला एकदा आतून लावायची आहे. पुन्हा उघडायची पण मीच."

ती खाली बसली. पाळकांनी डोळे मिटले आणि तेवढंच मागितलं, तिच्याच शब्दांत. 'आमेन' म्हणायला लोकांना थोडा वेळ लागला, पण ते म्हटलं.

बाहेर चहाच्या टेबलाशी इंजिनियर सिस्टरजवळ आले. कप हातात तसाच होता. बराच वेळ ते मनोऱ्याच्या कामात किती दारं लागली ते सांगत राहिले. मग एकदम म्हणाले, "खालच्या तीन खोल्या घ्या. पाहुणे वर राहतील."

"तीन खोल्यांत सहा मावतील. आठ आहेत."

"सिस्टर, माझ्या हातात तेवढंच आहे. त्यावरही माझ्याशी भांडायला निम्मी कमिटी उठणार आहे."

"मग भांडा," सिस्टर म्हणाल्या. "दोघी माझ्याकडे येतील." नणंद शेजारीच उभी होती. तिने आभाळाकडे पाहिलं, पण नाही म्हणाली नाही.

इतकं झालं तरी काम संपलं नव्हतं. रुग्णालयाच्या कारकुनाने फॉर्म पुढे केला: सोडताना नातेवाइकाची सही लागते. एकेका बाईमागे एक. रकाना होता, 'रुग्णाशी नाते'. सिस्टरनी 'परिचित' लिहू का असं विचारलं. कारकून म्हणाला, नियमात परिचित बसत नाही. तो नियम बनवणारा नव्हता, फक्त त्याच्यावर बसलेला होता.

तेव्हा सिस्टर फॉर्म घेऊन मंडळीत घरोघर फिरल्या. काही दारं याही वेळी वीतभरच उघडली. एका वडिलांनी मुलींच्या लग्नाचं कारण सांगितलं, एकाने नुसतंच घड्याळ पाहिलं. पण पाळकांनी पहिला फॉर्म ओढून घेतला आणि नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहून सही केली. चौथ्या रांगेतून उठून गेलेल्या कुटुंबातली आजी काठी टेकत आली आणि शिक्षिकेची 'मावशी' झाली. नणंदेने दोन फॉर्म भरले आणि दोन्हींवर 'नणंद' लिहिलं, कारण तिच्या मते ते नातं तिला उत्तम जमत होतं. आणखी तिघांनी एकेक भरला. इंजिनियर सगळ्यांत शेवटी आले, मुदतीच्या आदल्या दिवशी. त्यांनी शिंपिणीच्या फॉर्मवर बराच वेळ पेन धरलं. मग तेही 'भाऊ' लिहून गेले. आठ फॉर्म पुरे झाले.

महोत्सवाच्या नऊ दिवस आधी सहा जणी अतिथिगृहात गेल्या, दोघी सिस्टरच्या घरी. उपकारस्तुतीच्या दिवशी मंत्री आले नाहीत, त्यांना दुसरीकडे जावं लागलं. वरच्या पाहुण्यांना सकाळचा चहा खालच्या बायकांनी दिला आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

पण वॉर्डात अजून पाच जणी होत्या. त्यांच्यासाठी ना खोली होती ना सही. त्यांना औषध, डॉक्टर आणि रात्रंदिवस माणूस हवा होता. त्या आठ जणींना बाहेर काढल्याबद्दल लोक सिस्टरचं कौतुक करायचे तेव्हा त्यांना या पाच दिसायच्या. महोत्सवाआधीच, ठरल्या दिवशी, बस आली होती. सिस्टरनी बॅग आधीच भरली होती. घरी नणंदेला त्यांनी सांगितलं की बदलीचा अर्ज मंजूर झाला आहे, उरलेलं दीड वर्ष त्या छावणीतच असतील.

"आणि मी या दोघींना घेऊन बसू?" नणंद म्हणाली.

"त्या तुला घेऊन बसतील. धाकटीशी जरा सांभाळून वाग."

"कधी येशील?"

"महिन्याला एकदा. तेव्हा कमिटीच्या बैठकीची तारीख धरूनच येईन. देशाच्या प्रार्थनेत ही पाच जणींची छावणी दर रविवारी यायला हवी. पाळकांना सांगितलंय, विसरले तर तू आठवण कर."

नणंदेने डबा दिला आणि डोळे पुसायला आत गेली.

बस सात तास चालली. एक जण सारखी रडत होती, तिचं डोकं सिस्टरनी मांडीवर घेतलं. छावणी माळावर होती: लांबलचक बराकी, अर्ध्या खिडक्यांना काचा नाहीत, व्हरांड्यात रचून ठेवलेल्या लोखंडी खाटा. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतील असं पहारेकऱ्याने सांगितलं. सिस्टरनी वही काढली आणि उभ्या उभ्याच लिहायला सुरुवात केली: काचा, ब्लँकेटं, संडासाला दिवा, डॉक्टर रोज. कोणाला लिहायचं ते नाव त्यांना ठाऊक होतं. ते साहेब पत्राला उत्तर देणार नाहीत हेही ठाऊक होतं, आणि मग त्यांच्या दारात जाऊन बसावं लागेल हेही.

मग वही मिटून त्यांनी बाह्या वर केल्या आणि पहारेकऱ्याला विचारलं, पाण्याचा नळ कुठे आहे.