मुलांसाठी निवडलेली पेटी

आमच्या खोऱ्याच्या जत्रेत ‘हातांनी शिका’ नावाचा एक कोपरा असतो. मेंढ्यांच्या गोठ्यांमागे, संडासांच्या रांगेला लागून. समितीला शिक्षणाची किती चाड आहे ते जागेवरूनच कळतं. तिथे एक म्हातारा मुलांना लोकर पिंजायला शिकवतो. एक बाई घुबडाने ओकलेल्या गोळ्या फोडून त्यातली उंदरांची हाडं जुळवायला लावते. कुणी ओल्या लाकडाचे चमचे कोरतं. आणि सगळ्यात शेवटी आमचा जाळीचा पिंजरा. आत मधमाश्यांची जिवंत पेटी, एका वेळी चार मुलं, आणि मी. मुलांच्या अंगात पांढरे झगे, तोंडावर जाळ्या. बाहेर घडीच्या खुर्चीवर इद्वल बेब.

एकेचाळीस वर्षं पिंजऱ्यात तोच उभा राहायचा. वेल्सच्या या टोकाला ज्यांच्या अंगणात पेट्या आहेत, त्यातले निम्मे लोक लहानपणी त्याच्याच हाताखालून गेलेले. दोन वर्षांपूर्वी म्हणाला, "गुडघे गेले पोरी, आता आत तू जा, मी बाहेरून ओरडतो." मी शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. त्याच शाळेत अकरा वर्षं बाकावर बसले तेव्हा मला कुणी काही शिकवलं नाही. जे शिकले ते इद्वलकाकाकडून, आणि तेही वयाच्या तिशीनंतर.

जत्रेला पेटी न्यायची तर गरीब न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. मुलं हात घालणार, तर डसणाऱ्या माश्या कशाला? काकाच्या बागेत सात पेट्या होत्या. भिंतीजवळच्या सातवीचं झाकण मी उचललं तर एकही माशी अंगावर आली नाही. वजनाला हलकी, गर्दी कमी, आवाज मंद.

"शहाणी आहे," मी म्हटलं.

"तीच ने," काका म्हणाला. "चर्चमधल्या बायकांपेक्षा गुणी."

हसलो आम्ही. ती गप्प का आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. जो गप्प बसतो तो गुणी, हे आम्हाला शाळेत, चर्चमध्ये, मालकाच्या अंगणात इतकं घोटून शिकवलेलं आहे की माश्यांनाही आम्ही तेच माप लावलं.

शनिवारी सकाळची पहिलीच चार मुलं. मी धूर दिला, झाकण काढलं, पोळ्याची मधली चौकट वर उचलली. दरवर्षीप्रमाणे प्रत्येकाच्या हातात एकेक काडी दिली, काडेपेटीतलीच.

"आता आपण डॉक्टर. मेणाने बंद झालेलं घर शोधायचं, काडीने टोचायचं, फिरवायचं, बाहेर काढायची. आतली अळी निरोगी असेल तर काडी नुसती ओली होते. पांढरं पाणी. बस्स."

"आणि आजारी असेल तर?" एका मुलीने विचारलं. कादी तिचं नाव. पुढचे दोन दात पडलेले, प्रश्न मात्र धारदार.

"तर तार निघते. पण तशी इथे निघणार नाही. मी कधी पाहिलेली नाही."

खरंच पाहिलेली नव्हती. फक्त ऐकलेली होती, काकाकडून. आमच्यात त्या रोगाला नुसतं ‘सड’ म्हणतात. बाळं आपल्या घरातच सडून चिकट होतात. माणसाला काही होत नाही, पण पेटी लागली की लागली. औषध नाही. कायदा सांगतो, जाळायची.

कादीने टोचलं, फिरवलं, काडी काढली.

"ई! शेंबूड!"

बाकीची तिघं खिदळायला लागली. "माशीला सर्दी झाली! कादी, चाटून बघ!"

काडीच्या टोकापासून घरापर्यंत एक तार लोंबत होती. कॉफीच्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी लांब, तुटतच नव्हती. तेव्हा कुठे मी चौकटीवरच्या माश्या झटकल्या आणि नीट पाहिलं. घरांवरची झाकणं खोल गेलेली, तेलकट, काळपट. काहींना मधोमध भोक. एक-दोन नव्हे, अख्खा पट्टा. आणि नाकात शिरला तो वास, सुताराच्या सरसासारखा.

"तार निघाली ना?" कादी म्हणाली. "मी बरोबर केलं ना?"

"एकदम बरोबर केलंस."

चौकट परत ठेवली, झाकण लावलं. पेटीच्या दाराशी ओल्या गवताचा बोळा कोंबला. चौघांचे हात सोड्याच्या पाण्यात धुतले, झगे पोत्यात भरले. मुलं नाराज झाली. एकजण म्हणाला, पुढे लोकर पिंजायला नेणार असाल तर मला घरीच जायचंय.

पिंजऱ्याबाहेर आले. काडी हातात तशीच होती. काकापुढे धरली.

"काय गं? एवढ्यात उरकलं?"

"हे बघ."

त्याने काडी घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली. मग अंगठा आणि बोट यांच्यात टोक चोळलं, बोटं उघडमीट केली. चिकटली. तो हलायचा थांबला.

"रंग कसला आहे?" त्याने विचारलं.

ऊन लख्ख होतं. काडी त्याच्या नाकापासून वीतभर.

"काका, तुला दिसत नाही?"

"कडेकडेने दिसतं."

"कधीपासून?"

"रंग सांग, पोरी."

"तपकिरी."

त्याने काडी खिशात घातली. मी त्याच्या खुर्चीशेजारी गवतातच बसले. दोन वर्षं मी त्याला गाडीतून हिंडवत होते. कुणाच्या पेट्यांना काही झालं की लोक त्याला बोलवायचे, मी त्याचा डबा उचलायचे, धूर द्यायचे. तो चौकट उचलून तोंडाजवळ न्यायचा, घरांवरून हळूच बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे." मला वाटायचं, केवढी ही विद्या! याला बघावंही लागत नाही! दोन-तीन ठिकाणी तर मी घरमालकांना कौतुकाने सांगितलंही, बोटांनी वाचतो म्हणून. आंधळा माणूस चाचपडत होता आणि मी त्याला कलावंत समजत होते.

"वास?" मी विचारलं.

"तो त्या हिवाळ्यातल्या तापापासून गेला. चहाचासुद्धा येत नाही."

"मग बोललास का नाही?"

"बोललो असतो तर?" त्याचा आवाज चढला. "मुलाच्या घरी नेऊन बसवलं असतं मला, टीव्हीसमोर. पेट्या कुणीतरी विकल्या असत्या. तूच सांग ना, आंधळ्याला कुणी बोलवतं का माश्या बघायला?"

मग हळू आवाजात म्हणाला, "ऐक. ही पेटी आजच घरी नेऊ. मी खड्डा खणतो. सातही पेट्या जाळतो, हवं तर. माझ्या हाताने. कुणाला कळायला नको. सरकारी माणूस नको."

सातही पेट्या तो जाळणार होता, फक्त कुणाला कळू नये म्हणून. मला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. कोण विचारणार होतं? चार मुलं, एक शेंबूड.

"आणि बाकीच्यांच्या?" मी म्हटलं. "मे महिन्यात आपण वरच्या शेतावर गेलो. जूनमध्ये गेथिनकडे. चौकटी उचकटायची तीच लोखंडी पट्टी, तेच हातमोजे. धुतले होतेस मधे?"

"धुतो मी."

"काका."

"कधी कधी धुतो."

एवढ्यात मिसेस व्हॉन आल्या. समितीच्या अध्यक्ष. नदीच्या या बाजूची जमीन त्यांची, त्या बाजूची त्यांच्या भावाची. पिंजरा बंद का, असं विचारायला आल्या होत्या. मी सांगितलं.

"तो शब्द जरा हळू," त्या म्हणाल्या. "तीन वाजता मधाचं बक्षीस आहे. तीस बरण्या टेबलावर लागल्यात. लोक घाबरतील. रविवारी संध्याकाळी बघू ना."

"माणसांना काही होत नाही त्याने. माश्यांना होतं. आणि सरकारला आजच कळवायचं असतं."

"मेन्ना, तू काही तज्ज्ञ नाहीस. मिस्टर बेब, तुमचं काय मत?"

काका त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळला. त्या बाईने एकेचाळीस वर्षं त्याला दर ऑगस्टमध्ये फुकट राबवलं, संडासाशेजारी. आता तिला त्याचं मत हवं होतं. नाही म्हण, असं ती तोंडाने म्हणत नव्हती एवढंच.

"माझं मत..." काका म्हणाला आणि थांबला.

"तुम्ही बक्षीस द्या," मी म्हटलं. "बरण्या चाटा, फोटो काढा. मी फोन करतेय."

"पुढच्या वर्षी या कोपऱ्याचा विचार करावा लागेल."

"करा. पहिल्यांदाच कराल."

फोन केला तेव्हा काका माझ्याकडे पाठ करून बसला होता.

रविवारी निरीक्षक बाई आली. तरुण, नीट वागणारी, कामाला पक्की. जत्रेतली पेटी संपलीच होती. बागेतल्या सहांपैकी तीन लागलेल्या. माझ्या घरच्या दोन पेट्यांपैकी एक. माश्या घरी परततात तेव्हा, दिवेलागणीला, दारं बंद करून पेट्रोल ओतलं. आतला आवाज एकदम वाढला आणि मग नव्हताच. मेण लवकर पेटतं. मध उकळून खड्ड्याच्या तळाला काळा साचला. काका कडेला उभा होता, तोंड जाळाकडे. एवढा मोठा जाळ त्याला दिसत असावा.

मातीने खड्डा बुजवल्यावर बाईने वही काढली. "गेल्या दोन वर्षांत तुम्ही आणखी कुणाच्या पेट्या उघडल्यात?"

काका खड्ड्यावरची माती पायाने दाबत राहिला.

"मिस्टर बेब, ही नावं मला लागतीलच."

नावं मला पाठ होती. अकरा घरं. गाडी मीच चालवत होते. तोंड उघडणार तोच काका म्हणाला, "लिहून घ्या." आणि एकेक नाव सांगितलं, घराचं, माणसाचं, महिन्यासकट. कुठे अडखळला नाही. माश्यांतलं त्याला आता जे काही दिसत होतं ते एवढंच.

"उद्यापासून मी एकेकाकडे जाईन," बाई म्हणाली. "तोवर फोन करून कळवलंत तरी चालेल. त्यांच्या पेट्यांजवळ मात्र जाऊ नका."

ती गेल्यावर काका म्हणाला, "फोनवर नाही सांगायचं हे. कपडे बदलून ये आणि गाडी काढ. एका दिवसात अकरा होतील का?"

सोमवारी सकाळी निघालो. पहिल्या दारात एलुनेद म्हातारी होती. काका तिला म्हणाला, "सड मी आणलीय तुझ्याकडे. मला दिसत नाही, दोन वर्षं झाली." तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. दुसऱ्या घरच्या बाईने अंगणातच बसवून चहा दिला, केक कापला, "असू दे हो" म्हणाली आणि रडायला लागली. ते दारापेक्षा वाईट होतं. तिसऱ्या घरी घरमालक बाहेर आला. लहानपणी तो त्याच पिंजऱ्यात उभा राहिलेला. म्हणाला, "तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? आधी बघा, मग बोला. हेच ना?" काका म्हणाला, "हेच."

चौथं घर गेथिनचं. गाडी थांबवली. काकाने गाडीच्या दाराची कडी धरली आणि तशीच सोडून दिली.

"मला नाही जमणार आता."

मला राग आला. त्याचा आला, त्याला एकेचाळीस वर्षं डोक्यावर घेऊन आंधळा झाल्यावर एकटा पाडणाऱ्या या खोऱ्याचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझाच. कारण तीन घरं मी काच खाली करून गाडीतच बसून होते. जणू मी नुसती ड्रायव्हर.

उतरले. गेथिन अंगणात बुटांवरचं शेण पाण्याने काढत होता. पलीकडे त्याच्या चार पेट्या, ताज्या हिरव्या रंगाच्या.

"अरे, मेन्ना! काका गाडीत का बसलाय? बोलव की, चहा टाकतो. माझ्या पेट्या खोऱ्यात सगळ्यात चांगल्या म्हणाला होता, लिहून घेणार आहे मी त्याच्याकडून."

मी सांगितलं. आधी तो हसला, थट्टा समजून. मग नळ बंद केला.

"पण जूनमध्ये तपासल्या होत्या ना! तुम्ही दोघं होतात. एकेक चौकट बाहेर काढलीत माझ्यासमोर. कुणी पाहिल्या मग?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "त्याला दिसत नव्हतं आणि मी बघितलं नाही. तेच सांगायला आलेय."