दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

रेकॉर्ड कापणाऱ्याचे कान तिखट असावेत आणि जीभ गोड असावी, असं त्या धंद्यात म्हणतात. सूनबाईला यातलं पहिलंच जमलं होतं. ‘सूनबाई’ हे काही तिचं नाव नव्हे. कारखाना सासऱ्यांचा, काम शिकवलं तेही सासऱ्यांनी. त्यांनी मारलेली हाक आधी कामगारांनी उचलली, मग गिऱ्हाइकांनी. आता सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तिच्या स्वतःच्या केसांत चांदी दिसायला लागली, तरी अख्ख्या धंद्यात ती सूनबाईच राहिली. तिलाही त्याचं काही वाटत नसे. काम आपलं बोलतं, नाव कशाला बोलायला हवं, असा तिचा हिशेब.

कारखाना म्हणजे खरं तर एकच खोली. भिंती जाड, खिडकी नाही, आणि मधोमध जेवणाच्या टेबलाएवढं कापायचं लेथ. कोरी तबकडी त्यावर फिरत राहते, वरून तापलेली टोकदार सुई तिच्या मऊ लेपात गाण्याची रेघ कोरत जाते, आणि निघालेला केसाएवढा काळा धागा एक नळी शोषून घेते. याच तबकडीवरून पुढे साचा बनतो आणि साच्यातून हजारो रेकॉर्डी निघतात. म्हणजे इथे चुकलं की हजार घरांत चुकलं. म्हणून काम चालू असताना सूनबाई शेजारच्या खोलीतला फ्रीजसुद्धा बंद करायला लावी. एकदा एका बड्या गायकाने चालू कामात खोकला काढला, तर तिने त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. तो बिचारा बाहेर उभं राहून मुकाट खोकला.

या खेपेचं काम मात्र घरचंच होतं म्हणायला हरकत नाही. एका प्रकाशकाला जुन्या अ‍ॅनिमे मालिकांच्या शीर्षकगीतांची रेकॉर्ड काढायची होती. मालिका परदेशी, जपानी कार्टूनच्या, पण गाणी इथल्या गायकांकडून इथल्या भाषेत गाऊन घेतलेली. एका पिढीने ती दूध पिता पिता पाठ केली होती, आणि प्रकाशक त्याच पिढीतला. पन्नाशी ओलांडली, पोट सुटलं, तरी अंगात रोबोचं चित्र असलेला टी-शर्ट. टीव्हीवर या गाण्यांचं दीडच कडवं लागायचं, पुढे मालिका सुरू व्हायची. पूर्ण गाणी कुणी ऐकलीच नव्हती. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर त्यांच्या मूळ टेप सापडल्या, आणि हा गडी आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला.

त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या रोबोच्या मालिकेचं गाणं सूनबाईच्या सासूने गायलं होतं.

या गाण्याच्या शेवटी एक लांबच लांब सूर आहे, वरच्या पट्टीतला. टीव्हीवर तो कधी पोचला नाही. पण घरात त्याची पोथी रोज वाचली जायची. सासरे त्या वेळी स्टुडिओत मदतनीस होते, काचेपलीकडे बसलेले. ते सांगायचे, “हिने तो सूर एका दमात घेतला, मध्ये श्वास नाही, काही नाही. मी तिथेच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच.” बारशापासून साठीपर्यंत घरातल्या एकाही समारंभाची या गोष्टीतून सुटका झाली नाही. सूनबाईचा नवरा दातांचा डॉक्टर. तो ही गोष्ट खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटला ऐकवी. त्याला मान डोलावण्यावाचून गत्यंतर नसे. सासूबाई स्वतः मात्र कधी सांगत नसत. कुणी विचारलं तर पदराशी चाळा करत म्हणत, “तेव्हा छाती होती बाई.” पण गोष्ट चालू असताना त्या खोलीतून उठूनही जात नसत. संसारात, पोरं वाढवण्यात गाणं मागे पडलं. हातात राहिला तो एवढा एक सूर, तोही कुणी न ऐकलेला. एका जुन्या मुलाखतीतलं सासऱ्यांचं ते वाक्य प्रकाशकाला कुठून तरी मिळालं, आणि त्याने ते रेकॉर्डच्या पाकिटावर मागच्या बाजूला, सासऱ्यांच्या नावासकट, ठळक छापून टाकलं.

पाकिटं छापून आली, आणि मग त्याने सूनबाईला गाण्यांचा क्रम दाखवला. घोडं पेंड खातं ते नेमकं इथेच. क्रम मालिकांच्या सालाप्रमाणे लावला होता, आणि सासूबाईंचं गाणं दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी आलं होतं.

सूनबाईने कपाळाला हात लावला. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण बाहेरचा वेढा मोठा आणि आतला लहान. तेवढ्याच वेळाच्या गाण्याला बाहेर ऐसपैस जागा मिळते आणि आत चेंगरून बसावं लागतं. पाटी रंगवणारा पहिली अक्षरं मोठी काढतो आणि शेवटची काठाशी कोंबतो, तसला प्रकार. खालचे, शांत सूर ते सोसतात. वरच्या पट्टीतला लांब, मोठा सूर तिथे घातला, की तळणीत काहीतरी सोडल्यासारखा चरचरतो. हे तिने प्रकाशकाला समजावलं. गाणं पहिलं घ्या, नाहीतर सुराचा चिवडा होईल, असं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, पाकिटं छापून झाली, क्रम त्यावर आहे, आता काही होणे नाही. वर हेही म्हणाला, की संगणकावर सफाई करता आली असती, पण टेपवरून थेट कापलेली रेकॉर्ड असं आपण जाहीर केलंय, तो शब्द मोडता येणार नाही. “तुमचे सगळे दोर तुम्हीच कापलेत,” सूनबाई म्हणाली. “आता उरलेला मी कापते.”

आणि तिने तोडगा सांगितला. दुसरी बाजू उलटी कापायची, आतून बाहेर. ऐकणाऱ्याने सुई मधल्या कागदाशी ठेवायची, आणि ती गाण्यागणिक काठाकडे सरकत येईल. क्रम तोच राहील, पण शेवटचं गाणं सगळ्यात मोठ्या वेढ्यात पडेल. प्रकाशकाचा चेहरा उतरला. लोक सुई काठावर ठेवतील, काही वाजलं नाही की शिव्या घालतील, स्वयंचलित प्लेअरवर तर सगळाच गोंधळ होईल. सूनबाईने त्याला विचारलं, की मधले गोल कागद अजून छापले नाहीत ना? मग त्यांवर लिहा, सुई इथे ठेवा म्हणून. ज्यांनी रोबोच्या नकाशाचे छत्तीस भाग लहानपणी पाठ केले, त्यांना एवढं वाचता येईल. लेथचा पेच उलटा फिरवायचं काम सासऱ्यांनी एकदा केलेलं तिने पाहिलं होतं, तिच्या हाताला ते येत होतं. प्रकाशक म्हणाला, आधी नमुना कापा, शुक्रवारी ऐकून ठरवतो. जाताना मात्र त्याने दारातून हळूच विचारलं, की तुमच्या सासूबाई आल्या तर त्यांची सही मिळेल का.

तिने नमुन्याची तबकडी कापली. एकाच तबकडीवर तो सूर आधी आतल्या वेढ्यात, मग बाहेरच्या. आतला वाजवला आणि अपेक्षेप्रमाणे चरचरला. मग सुई बाहेर ठेवली. सूर असा स्वच्छ, भरदार निघाला, की तिच्या अंगावर काटा आला. आपल्या हातावर खूष होऊन तिने तो पुन्हा लावला, आणि या खेपेला तिला ऐकू आलं. सुराच्या मध्यावर, तुताऱ्यांच्या आड, एक श्वास. बारीक, घाईचा, पण श्वासच.

तिने टेप लावून पाहिली. टेपवरही होताच. याआधी तीच टेप तिने चारदा ऐकली होती आणि तिला कळलं नव्हतं. सून म्हणून घरात आल्यापासून ‘एका दमात’ ऐकत आली, मग कानांनीही तेच ऐकलं. स्वतःच्या तिखट कानांची तिला जरा लाजच वाटली.

आता आली का पंचाईत. टेप कापून श्वास काढावा तर त्याखालचा ड्रमही कापला जाणार. गाणं आत राहू दिलं, प्रकाशकाचं ऐकलं, तर त्या चरचरीत श्वास बुडून जाईल, पाकिटावरचं वाक्य खरं राहील आणि सासूबाईंची गोष्ट शाबूत राहील. फक्त सूर मरेल. बाहेर कापलं तर सूर जगेल आणि गोष्ट मरेल, तीही हजार घरांत. सासूवर कुरघोडी करायची अशी संधी सुनेला सात जन्मांत मिळत नाही. पण सूनबाईला त्यात काडीचा आनंद होईना. तिला आपलं काम कधी नव्हे ते नकोसं झालं. तेही फार तर चहा थंड होईपर्यंत. मग तिने स्वतःलाच दटावलं, की सूर आपला नाही, गोष्टही आपली नाही. ज्याचं त्याला विचारावं.

शुक्रवारी प्रकाशक यायच्या आधी तिने सासूबाईंना कारखान्यात आणलं. त्या इथे फारशा येत नसत. लेथसमोर सासरे बसायचे त्या खुर्चीत न बसता बाजूच्या स्टुलावर बसल्या. सूनबाईने काही लपवलं नाही. दोन जागा, दोन्हीचे गुण, सगळं सांगितलं, आणि मध्ये एक श्वास आहे हेही सांगितलं. सासूबाईंनी बोटाने खूण केली, लाव.

सूर निघाला, भरला, श्वास आला, सूर पुढे गेला.

“पुन्हा लाव.”

सूनबाईने पुन्हा लावला. सासूबाईंनी डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा लावल्यावर त्या म्हणाल्या, “केवढीशी आहे गं ही. आपल्या घरातल्या पोरींपेक्षाही लहान.”

“आई, आत कापलं तर श्वास कळणार नाही. कुणालाच नाही. मी एक शब्द बोलणार नाही, तुमच्या लेकाशीसुद्धा.”

“आणि तिचा सूर?”

“तो जाईल.”

“मग घेऊ दे की तिला श्वास,” सासूबाई म्हणाल्या. “एवढा डोंगर चढली पोर, मध्ये एकदा दम खाल्ला तर काय आभाळ कोसळलं? मला आठवतसुद्धा नाही बघ, मी घेतला होता की नाही. हे सांगायचे, मी ऐकायची. इतकी वर्षं ऐकलं, मला खरंच वाटायला लागलं.” मग रिकाम्या खुर्चीकडे पाहत अगदी हळू म्हणाल्या, “पण ह्यांना तर ऐकू आला असेल ना गं?”

ते कान कसे होते, हे सूनबाईला माहीत होतं. दोन खोल्या पलीकडचा नळ कितव्या आट्याला गळतो, ते सांगणारा माणूस. काचेपलीकडून, हेडफोन लावून बसलेल्या त्या माणसाला तो श्वास ऐकू आला नसेल, हे शक्यच नव्हतं. त्याला ऐकू आला होता. आणि जन्मभर, प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक लग्नात, त्याने तो ऐकू आला नाही म्हणून सांगितलं होतं.

सासूबाईंना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं, आणि दोन्हीपैकी एकही त्यांनी लपवलं नाही. “लबाड माणूस,” त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

तेवढ्यात प्रकाशक आला. सासूबाईंना पाहून त्याची बोबडीच वळली, हातातली पाकिटं जमिनीवर पडली. सूनबाईने त्याला दोन्ही नमुने ऐकवले, आतला आणि बाहेरचा. उलट्या बाजूबद्दल, शिव्यांबद्दल, प्लेअरबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. बाहेर कापा, एवढंच म्हणाला. मात्र कान त्याचेही काही अगदीच लाकडाचे नव्हते. तो चुळबुळला, पाकीट उलटं केलं, सुलट केलं, आणि चाचरत म्हणाला, की मध्ये कुठेतरी, म्हणजे आपल्याला भास झाला असेल, पण...

“भास नाही,” सासूबाई म्हणाल्या. “श्वास आहे तो. माझाच.”

प्रकाशकाने पाकिटावरच्या ठळक ओळीवर बोट ठेवलं. मग यावर काळी पट्टी चिकटवू का, की नव्याने छापू, असं त्याने विचारलं. नव्याने छापायचं म्हणताना त्याचा आवाज पार खोल गेला होता.

सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं, चष्मा वर करून ती ओळ वाचली, खालचं नाव वाचलं, आणि पाकीट त्याला परत दिलं.

“काही चिकटवू नका. पाकिटावरचं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे, ते तसंच राहू द्या. आतलं माझं आहे. सूनबाई, तू काप.”

सूनबाईने शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद करायला सांगितलं आणि कोरी तबकडी लेथवर चढवली.